सोपान मिस्त्री आणि कंपनीचं नाक

कुठलीबी गाडी दारात आली की सोपान मिस्त्री पहिल्यांदा एकच विचारायचा, "श्वास कुठनं घेती ही?"

गिऱ्हाईक म्हणायचं, नाना, क्लच घसरतोय. गिऱ्हाईक म्हणायचं, ब्रेक लागत न्हाय, मरता मरता वाचलो. सोपान आपला बॉनेट उघडून हवेच्या पायपाचं तोंड शोधत वाकलेला. "क्लच बगू मागनं. आधी नाक बगू दे."

असा हा माणूस श्वास न मिळून गेला. लोक म्हणतात वय झालं होतं. वय माझंबी झालंय. आम्ही एका उमरीचे. वयानं माणूस असा जात नाही. तो धुळीनं गेला, आणि ती धूळ त्यानं स्वतःच्या नाकानं, कुणाचं न ऐकता आत घेतली. त्याचा मला अजून राग येतो. राग डोक्यात घेऊन बसण्यापेक्षा कागदावर उतरवलेला बरा, म्हणून लिहितोय.

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप चालवायचो. मूळ गाव माझं कोऱ्हाळे बुद्रुक, घरचा ऊस. जीपचं काम म्हणजे डांबर थोडं आणि बांध फार. खात्याच्या साहेबाला कालव्याच्या कडेनं न्यायचं, फडात घालायचं, ओढ्यातनं काढायचं. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल, आणि एकदा उन्हं तापली की पाचटाची राख नि पिठासारखी माती. ती माती शिरत नाही असं ठिकाण नाही. घड्याळात शिरते, डब्यातल्या भाकरीत शिरते.

एकदा सुप्याच्या बाजूच्या जिरायत पट्ट्यात गेलो होतो. कुणी तिकडं पाण्याची पाईपलाईन नेऊन ऊस लावला होता, तो साहेबाला बघायचा होता. येताना जीप निळा धूर सोडायला लागली आणि चढाला ओढेना. फाट्यावर एका बाभळीखाली पत्र्याचं शेड होतं. शेडसमोर एक उंच, हाडकुळा माणूस उभा. कान बाहेर आलेले, भुवया आणि पापण्या मातीनं लाल झालेल्या, आणि शर्टाच्या खिशात पेन असावा तसा दात घासायचा ब्रश.

"श्वास कुठनं घेती ही?"

"बॉनेटखालनं. कंपनीनं दिलाय तिथनं," मी म्हणलं.

त्यानं फिल्टरपासनं इंजिनाकडं जाणारा रबरी पाईप काढला, आत बोट घातलं, फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. लाल.

"हे काय हाय?"

"माती."

"माती न्हाय, पालिस पेपर हाय. सिलिंडरला आतनं घासतोय, आन तुमी वर बसून गाणी म्हणताय."

"मी गाणी म्हणत न्हाय."

"मंग म्हणा. गाडी मरायला लागल्यावर दुसरं काय करणार?"

मागं बसलेला साहेब हसला. सोपाननं कागदी फिल्टर बाहेर काढून उन्हाकडं धरला. घडीघडीतनं उजेडाचे बारीक टिपके दिसत होते. आमच्या वर्कशॉपात फिल्टर साफ करायची रीत म्हणजे टायरवर आपटायचा. सगळेच आपटायचे. सोपान म्हणाला, "पापड हाय हा. पापड कुणी धोपाटतं का? चाळण झाली नुसती."

मला कुणी असं बोललेलं खपत नाही. मी बॉनेट लावलं, जीप काढली आणि निघालो. पुढच्या टेकाडाला जीप थांबली. उतारानं मागं सोडत, जमेल तशी वळवत पुन्हा त्याच बाभळीखाली आलो. तोवर त्यानं स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं होतं. मला बघून नुसता एक कप वाढवला. साहेबाला मात्र म्हणाला, "डायवर चांगला हाय तुमचा. गाडीपरीस त्योच जास्त तापतोय."

तिथनं आमची ओळख. नंतर तो मला तात्या म्हणायला लागला आणि मी त्याला सोपान्या.

त्याच्या सवयी सांगतो. गाडीचं बॉनेट तो कधी आपटून लावायचा नाही. दोन्ही हातांनी खाली आणायचा आणि शेवटाला तळव्यानं दाबायचा, झोपलेल्या लेकराची चादर नीट करावी तसं. प्रत्येक गाडीला बाई म्हणायचा, टिपरलासुद्धा. पाण्याच्या माठावर दुहेरी फडकं बांधायचा आणि ते फडकं कुणी सैल ठेवलं तर त्या दिवशी त्या माणसाशी बोलायचा नाही. खिशातला ब्रश दातासाठी नव्हता. फिल्टरच्या डब्याच्या खाचेत अडकलेली माती त्यानं काढायचा. दात तो राखुंडीनं घासायचा. आणि गाडी सुरू असताना कुणी बोललेलं त्याला चालत नसे. "गप. बाई सांगती काय, ती ऐकू दे."

जीपसाठी त्याला कागदी फिल्टर मान्यच नव्हता. तो तेलाचा फिल्टर बसवायचा, जुन्या ट्रॅक्टरला असायचा तसला. खाली वाटी, वाटीत तेल. हवा तेलावर आपटून वर जाते आणि माती तेलात बुडते. मी म्हणलं, कंपनीनं शिकलेली माणसं बसवून कागदी दिलाय, तू कोण मोठा लागून गेलास? तो म्हणाला, "कंपनीनं पुण्याच्या डांबरासाठी दिलाय. तुझ्या साहेबाला डांबरावर न्हे, मी बी कागदी बसवतो."

तेलाचा फिल्टर बसवून झाल्यावर म्हणाला, आता हिला वरनं श्वास देऊ. शेतात पाण्याला घालतात त्या करड्या पायपाचा तुकडा त्यानं तापवून वाकवला, बॉनेटच्या बाजूनं काढून काचेच्या चौकटीला बांधत टपापर्यंत नेला. वर ट्रॅक्टरची गोल टोपी. जीप हत्तीसारखी दिसायला लागली. ऊसतोडीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आता तीच वस्तू दुकानात काळ्या प्लॅस्टिकची मिळते, पोरं हौसेनं लावतात. तेव्हा आमच्या भागात कुणी बघितली नव्हती.

"धूळ कमरंखाली चालती, तात्या," तो म्हणायचा. "पुढच्या गाडीमागं उभा ऱ्हा आन बग. माणसाचं नाक वर हाय ते उगं न्हाय."

हे खरं निघालं. आधी आठवड्याला वाटीच्या तळाशी बोटभर गाळ बसायचा. सोंड लावल्यावर महिना झाला तरी तेल पातळ राहायचं. हे ऐकीव नाही, वाटी मी स्वतः धुवायचो.

पण त्याचं सगळंच खरं निघायचं असं नाही, आणि हे त्याच्या तोंडावर सांगणारा मी एकटाच होतो. वाटीत तेल कुठवर घालायचं त्याची खूण असते. सोपान खुणेच्या वर ओतायचा. "धूळ जास्त तर त्याल जास्त. कालवणाला तर्री येस्तवर त्याल लागतंच की." एक दिवस गाडीचा आवाज ऐकायला म्हणून तो माझ्याबरोबर कालव्यावर आला. एका ठिकाणी भराव खचला होता, तिथं जीप एका अंगावर कलंडून चालवावी लागली. कलली आणि इंजिन एकदम बोंबलायला लागलं. माझा पाय ॲक्सिलेटरवर नव्हता. बंद करायची दांडी ओढली, बंद होईना. वाटीतलं तेल कलून इंजिनात ओढलं गेलं होतं आणि डिझेलऐवजी ते तेलावर पळत होतं. मागं पांढऱ्या धुराचा ढग. फडातली माणसं कोयते टाकून पळाली. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा. आता फुटतंय, एवढंच डोक्यात.

सोपाननं अंगातला शर्ट ओढून काढला, बॉनेटवर चढला आणि टोपी उपसून शर्ट सोंडेत कोंबला. शर्ट आत ओढला जायला लागला तसं दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले. इंजिन कण्हलं, सगळी जीप थरथरली, आणि मेलं. त्यानंतर कालव्याच्या पाण्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

तो उघडा तसाच बॉनेटवर बसून राहिला. तळव्यांवर पायपाच्या काठाचे लाल गोल उमटले होते.

"तोंड दाबून मारली राव मी तिला," तो म्हणाला.

ट्रॅक्टरनं ओढत नेताना मी विचारलं, "त्याल जास्त झालं व्हतं ना?"

"उतार जास्त व्हता."

मरेपर्यंत त्यानं हे कबूल केलं नाही. पण त्यानंतर प्रत्येक वाटीला आतनं छन्नीनं रेघ मारायला लागला, आणि रेघेच्या वर थेंब गेला तर बोळ्यानं टिपून घ्यायला लागला.

पुढं मी नोकरीतनं सुटलो. सुप्याच्या बाजूच्या माळावर मोठ्या टायरच्या गाड्या घेऊन पोरं खेळायला यायला लागली. बांधावरनं उड्या, घळीत उतरणं, वर चढणं. त्यांना काम नव्हतं, नुसता शौक. सोपानचा मुलगा नितीन हाताखाली आला होता, त्याला ही गिऱ्हाइकं आवडायची. सोपानला गाड्या आवडायच्या, पोरं नाही.

त्यात बावड्याचा एक केळीचा मोठा बागायतदार होता, विक्रमराव. वयानं नितीनएवढा, बोलायला गोड, नाना नाना करायचा. त्यानं कंपनीचा फिल्टरचा डबाच काढून टाकला होता आणि जागेवर लाल रंगाचा, भोंग्यासारखा उघडा फिल्टर बसवला होता. गाडी ॲक्सिलेटर दिला की फुस्स करून श्वास ओढायची. पोरं त्या फुस्सवर खूश.

"नाना, पिकअप बगा कसला आलाय," विक्रमराव म्हणाला.

"आला असंल. नाकाचं हाड काढल्यावर श्वास मोकळाच व्हतो. आत काय जातंय?"

"काय जात न्हाय. कापडी हाय, तेल लावलेला. धुवून परत वापरायचा. बाहेरच्या देशात रेसला लावत्यात."

"रेसला लावत्यात. सुप्याच्या माळाला लावत्यात का?"

मग सोपाननं पैज लावली. विक्रमरावाची गाडी आणि त्याच्या मित्राची, दोन्ही सारख्या. मित्राच्या गाडीला कंपनीचा डबा आणि कागदी फिल्टर होता. दोन्हींच्या फिल्टर आणि इंजिनाच्या मधल्या पायपात आतनं त्यानं ग्रीसचा पातळ हात दिला. चिकटायचं ते चिकटू दे म्हणाला. मग दोघांना माळावर पिटाळलं, निम्मा वेळ हा पुढं, निम्मा वेळ तो पुढं, म्हणजे धूळ दोघांनी सारखी खावी. मी, नितीन आणि सोपान शेडच्या सावलीत बसून लांबचे लाल लोट बघत राहिलो. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. लग्नाघरी वाट बघतात तसा सारखा उठून बघायचा.

गाड्या आल्या. पाईप उघडले. मित्राच्या पायपातलं ग्रीस पिवळं होतं तसं पिवळं. विक्रमरावाच्या पायपातलं विटकरी झालं होतं, बोटाला करकर लागत होतं. सोपाननं ते त्याच्या अंगठ्यावर लावलं आणि म्हणाला, "चोळा."

विक्रमरावानं चोळलं. खोटं बोलला नाही तो. म्हणाला, "व्हय नाना, जातीया खरी माती."

"मंग? काडायचा ना भोंगा?"

"आता कशाला? गाडी मी दोन वर्षांनी बदलणारच हाय. इंजान तवर कुठं मरतंय? पुढच्याचं पुढचा बगंल."

आणि हसला. मनात वाईट काही नव्हतं. चहा पाजला सगळ्यांना, नानांच्या पाया पडला आणि फुस्स करत गेला.

सोपान तिथंच उभा. हातात विटकरी ग्रीस. भांडायला कुणी उरलंच नव्हतं. कुणी म्हणालं असतं की तुझं चुकतंय, तर त्यानं चार गाड्या खोलून दाखवल्या असत्या. पण तुझं बरोबर आहे आणि मला त्याचं काही नाही, याला तो काय दाखवणार?

"पुढचा बगंल," तो एवढंच म्हणाला. त्या दिवसानंतर तो शौकाच्या गाड्यांजवळ जायचा बंद झाला. त्या नितीनकडं गेल्या. सोपानकडं राहिले खडीच्या क्रशरवरचे टिपर.

तिथंच घात झाला.

क्रशरवर धूळ म्हणजे दगडाचं पीठ. पांढरं, बोटाला मऊ लागतं. टिपरचे फिल्टर त्यानं आठवडाभरात बुजतात. नवे घालायचं कुणी मनावर घेत नाही, हवा मारून तेच वापरतात. सोपानच्या मतानं कागदी फिल्टरला हवा मारूच नये. पण ड्रायव्हर म्हणायचे, नाना, तुमी न्हाय मारली तर पुढचा टायरवाला मारंल. आणि टायरवाला जोरात मारून फाडणार. म्हणून तोच मारायचा. हवा कमी ठेवून, आतनं बाहेर, घडी घडी सुटी करत. आतनं बाहेर मारायची म्हणजे सगळं पीठ मारणाऱ्याच्या तोंडावर. मारून झालं की फिल्टर उन्हाला धरून डोळ्याला लावायचा, कुठं भोक पडलंय का बघायला. पापण्या आता लाल नव्हत्या, पांढऱ्या असायच्या.

खोकला लागला. मग जिना चढताना दम लागायला लागला, मग जिना नसतानाही. त्याच्या बायकोनं, सुभद्रावहिनीनं, मला निरोप धाडला, तुमचंच ऐकतील. त्यानं माझं कधी ऐकलं नव्हतं, पण मी त्याला धरून बारामतीला नेला, वहिनीबी बरोबर आली. डॉक्टर तरुण होता. छातीचा फोटो उजेडाला लावून बराच वेळ बघत बसला, सोपान फिल्टर बघायचा तसा.

"बाबा, हा दमा नाही. दगडाची धूळ आहे आत."

"निघंल ना?"

"नाही निघत."

"उलट्या बाजूनं हवा मारून?"

मला वाटलं डॉक्टर हसेल. हसला नाही. "नाही बाबा. आत गेलेली तिथंच राहते. पण पुढची थांबवता येईल. अजून वेळ आहे. तुम्ही ते हवा मारायचं काम सोडा. सुटतच नसेल तर निदान चांगला मास्क लावल्याशिवाय उभं राहू नका."

अजून वेळ आहे, हे त्यानं दोनदा सांगितलं. मी ऐकलं, वहिनीनं ऐकलं. सोपान एसटीत खिडकीला बसला, बाहेरचा ऊस बघत. मग म्हणाला, "म्हंजी फेकून द्यायचा. आन नवा येत न्हाय."

थोडे दिवस घरी राहिला. तोडीचा हंगाम सुरू झाला, रस्त्याची कामं निघाली, टिपर रांगेनं उभे राहायला लागले. सोपान परत कॉम्प्रेसरपाशी. मी मास्क नेला होता, डॉक्टरनं सांगितला तसला. त्यानं तो हातात घेतला, उलटासुलटा केला, उन्हाला धरला.

"चांगला हाय. पर मला नको."

"का नको?"

"नाक कंपनीचं हाय, तात्या. आत केस दिल्यात, वल दिलीया, वळण दिलंय. वरनं बांधलं की श्वास वढावा लागतो. बाहेरचा माल लावून मी गाड्या बिघडलेल्या बगितल्यात."

"आन जीपला सोंड लावलीस ती कुठल्या कंपनीची व्हती?"

"ती मी लावली व्हती."

"मंग ह्यो बी तूच लाव की, गाढवा!"

"गाडीचं येगळं."

"काय येगळं? सांग की, काय येगळं?"

सांगता आलं नाही की तो कामाला लागायचा. टिपरचा फिल्टर उचलला, पाठ केली, आणि पांढरा ढग उठला. आमच्या दोघांत जास्त हट्टी कोण यावर लोक पैजा लावायचे. त्या दिवशी मी हरलो आणि मला ते कळत होतं.

सुभद्रावहिनीनं मग जुन्या लुगड्याचं मऊ फडकं काढलं, दुहेरी घडी घालून शिवलं, चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या. बाहेरचा माल नको ना, म्हणाली, हा घरचा हाय. सोपाननं ते घेतलं. तिच्यापुढं नाही म्हणाला नाही. पुढच्या खेपेला मी गेलो तर ते फडकं कॉम्प्रेसरच्या हवा ओढायच्या तोंडाला बांधलेलं. नाड्या नीट, गाठी सुबक.

"तिला जास्त गरज हाय," तो म्हणाला. "दिसभर हीच धूळ वढती."

वहिनी दारात उभी होती. आत गेली आणि भांडी आपटायचा आवाज बराच वेळ येत राहिला.

असा एक हंगाम गेला. दुसऱ्या हंगामाला त्याच्यानं फिल्टर उचलवेना. कॉम्प्रेसर नितीननं विकला. शेडच्या जागी काचेचं दुकान झालं. काचेमागं लाल भोंगे, काळ्या सोंडा, दिवे टांगलेले. मी दुकानाकडं बघतोय हे बघून नितीन खाली मान घालून म्हणाला, "तात्या, आता हेच मागत्यात. हे न्हाय ठेवलं तर हितं कोण थांबत बी न्हाय." त्या भोंग्यांवरच घर चाललं होतं आणि आत बापाचं ऑक्सिजनचं मशीन.

शेवटचा गेलो ते उन्हाळ्याच्या तोंडाला. सोपान खाटेवर पुढं वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. आडवं झालं की कोंडायचं म्हणून बसूनच असायचा, झोपेतसुद्धा. नाकात नळी. एवढा उंच माणूस, पण खांदे कानापाशी आलेले. मशीन दाराजवळ ठेवलं होतं, आणि त्यावर एक पिवळा दिवा लुकलुकत होता, मधूनमधून टींऽ टींऽ वाजत होतं.

"कालपास्नं असंच वरडतंय," वहिनी म्हणाली. "नितीननं फोन केलाय. माणूस येतो म्हणतोय."

मी मशीनच्या मागं वाकलो. बाजूला एक जाळी होती. ती ओढली तर आत स्पंजाचा तुकडा. काळा असावा, पण राखी दिसत होता. बोट लावलं तर धूळ वाकळीसारखी सोलून आली. दार रस्त्यावर, रस्त्यावरनं दिवसभर टिपर. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं की ह्या मशीनलाबी नाक असतं.

"सोपान्या," मी म्हणलं, "बुजलाय रं ह्यो. थांब, धुवून आणतो."

त्यानं डोळे उघडले. माझ्या हातातल्या वस्तूकडं बघितलं. काय आहे ते त्याला कळलं. कळलं हे मला दिसलं. मला वाटलं आता शिव्या देईल, वहिनीला, नितीनला, मला. मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. मग श्वास घेतला, मग पुढचा शब्द. "कशाला. आता."

मी बाहेर नळावर गेलो. स्पंज धुतला. पाणी काळं आलं, परत राखी आलं, परत धुतलं. पिळला. ओला लावायचा नसतो एवढं मला कळत होतं, म्हणून उन्हाला धरून उभा राहिलो. समोरनं टिपर आला की धुळीचा लोट अंगावर यायचा, तसा मी पाठ फिरवून स्पंज शर्टाच्या आत, पोटाशी धरायचो. लोट बसला की परत उन्हाला. असा बराच वेळ. दुकानातली गिऱ्हाइकं काचेतनं बघत होती, म्हातारं काय करतंय म्हणून.

वाळला तसा आत नेला आणि बसवला. जाळी लावली. जरा वेळानं पिवळा दिवा गेला, हिरवा लागला. टींऽ टींऽ थांबलं.

"थांबलं बगा," वहिनी म्हणाली.

सोपानचे डोळे मिटलेले होते. झोपला होता का नुसता बसला होता, कळलं नाही. खांदे वरखाली होत होते, मघाशी होत होते तसेच. मशीन गप झालं होतं, त्यामुळं आता फक्त त्याचाच आवाज ऐकू येत होता.